हुडकेश्वरच्या जमिनीखालचा कोळसा आणि हिस्लॉप यांची श्रद्धा

१/ नागपूरच्या दक्षिणेचे हुडकेश्वर कालपरवापर्यंत गाव होते. आता तेथे लेआउट आणि सदनिकांच्या रांगा आहेत. या भागातून उमरेडच्या दिशेने गेले की कोळशाच्या खाणी लागतात. तेथील कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना आहे. ख्रिस्ती श्रद्धेवर हल्ली वारंवार घेतल्या जाणाऱ्या एका आक्षेपाचा आधार असाच कोळसा आणि असेच दगड आहेत.

२/ आक्षेप असा: बायबलच्या पहिल्या पानावर सृष्टी सहा दिवसांत घडते. १७व्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी त्या निर्मितीचे वर्षही ठरवले, इ.स.पू. ४००४. खडक मात्र कोट्यवधी वर्षांची साक्ष देतात. तेव्हा श्रद्धा टिकवायची तर डोळे मिटून घ्यावे लागतात, आणि डोळे उघडले तर श्रद्धा सोडावी लागते.

३/ विज्ञान शिकणाऱ्या ख्रिस्ती घरातील मुलांपुढे ही निवड आजही ठेवली जाते. कधी नास्तिक मित्र ती ठेवतात, कधी स्वतःच्याच चर्चमधील उत्साही उपदेशक. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी गृहीतक एकच असते. ते गृहीतक चुकीचे आहे, हे दाखवणारा एक माणूस नागपूरच्याच इतिहासात आहे.

४/ स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज (स्थापना १८८३) त्यांच्याच नावाचे. लोकांना ख्रिस्ताकडे आणणे हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

५/ उपदेशासाठी गावोगाव फिरताना हिस्लॉप खडकही पाहत असत. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचा पातळ थर त्यांना दिसला. टाकळीला अशाच थरात फळे, बिया, लाकूड आणि कीटकांचे अवशेष दगड होऊन पडले होते. कामठी आणि सिल्लेवाडा येथील वालुकाश्मांत लुप्त वनस्पतींच्या पानांचे ठसे सापडले.

६/ सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भाविषयीचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी केले. आणखी एक सविस्तर निबंध १८६० मध्ये आला.

७/ या निरीक्षणांचा अर्थ समजून घ्यायला हवा. एक लाव्हा थंड झाला. त्यावर तळी साचली. तळ्यांत गोगलगायींच्या पिढ्या जगल्या आणि मेल्या, काठावर झाडे वाढली. मग दुसरा लाव्हा आला आणि सारे झाकून गेला. चाळीस दिवसांच्या एका पुरात हा क्रम बसत नाही. असे पुरावे मिशनरी असलेल्या माणसाने स्वतः गोळा केले, नीट मांडले आणि जगापुढे छापून ठेवले.

८/ त्यासाठी त्यांना धर्म सोडावा लागला नाही. ज्या फ्री चर्चचे ते सेवक होते त्याचे पहिले अध्यक्ष थॉमस चामर्स यांनी पृथ्वी अतिप्राचीन असल्याचे मत १९व्या शतकाच्या आरंभीच स्वीकारले होते. डार्विनचा ग्रंथ येण्यास तेव्हा अनेक दशके अवकाश होता. त्याहूनही जुना दाखला संत ऑगस्टीन यांचा. सृष्टीविषयीच्या जाणकारांसमोर धर्मग्रंथाचा हवाला देऊन अडाणीपणाचे बोलू नये, असे त्यांनी इ.स. ४०० च्या सुमारास ख्रिस्ती लोकांनाच बजावले होते. त्यामुळे ‘विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर श्रद्धेने पळवाट काढली’ हा आरोप इतिहासाला धरून नाही.

९/ येथे संशयवादी एक रास्त प्रश्न विचारील. हिस्लॉप यांच्या मनाचे दोन कप्पे असतील, एकात हातोडा आणि दुसऱ्यात प्रार्थना. चांगला भूशास्त्रज्ञ श्रद्धाळू होता, एवढ्यावरून श्रद्धा खरी कशी ठरते? ती ठरत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सीताबर्डीच्या दगडातून ईश्वर सिद्ध होत नाही. पण त्याच दगडातून ईश्वर असिद्धही होत नाही. हिस्लॉप यांच्या आयुष्याने एक दावा मात्र नक्की खोडून निघतो, तो म्हणजे श्रद्धेसाठी डोळे मिटावेच लागतात हा.

१०/ कप्प्यांची कल्पनाही तपासून पाहावी. ख्रिस्ती श्रद्धेचा पाया कालातीत सूत्रांवर नसून एका घटनेवर आहे. पंतय पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या काळात एका माणसाला देहदंड दिला गेला, ही गोष्ट ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो. तो माणूस पुन्हा उठला नसेल तर आपला सारा विश्वास व्यर्थ आहे, असे प्रेषित पौल स्वतःच सांगतो. जो धर्म आपण कोणत्या अटीवर खोटे ठरू हे उघड सांगतो, त्याला ‘प्रश्न विचारू नका’ असे सांगणारा धर्म म्हणता येत नाही. त्याचे उत्तर पटो वा न पटो, तपासाचे दार त्याने उघडे ठेवले आहे.

११/ महाराष्ट्रातील बुद्धिवादाचेही ऋण येथे मान्य करायला हवे. आगरकरांच्या परंपरेने रूढीला जाब विचारायला शिकवले. नरेंद्र दाभोलकरांनी देवावरील श्रद्धा आणि देवाच्या नावाने होणारे शोषण यांत सातत्याने भेद केला. बोट लावताच रोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या भोंदूविरुद्ध, मग तो क्रूस घालून का येईना, ख्रिस्ती माणसाने त्यांच्या बाजूने उभे राहावे. खोट्या चमत्कारांचा बचाव करणारा माणूस श्रद्धेचीच हानी करतो.

१२/ हिस्लॉप यांना पूजनीय करण्याचे कारण नाही. ते आपल्या काळाचे होते आणि येथील धर्मांकडे त्या काळच्या मिशनऱ्याच्याच नजरेने पाहत. तरीही गोंडांची लिंगोची गाथा त्यांनी आस्थेने टिपून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली. ज्यांचा धर्म बदलावा असे त्यांना वाटे, त्यांचे म्हणणेही आधी नीट ऐकून घ्यावे, हे त्यांना कळत होते.

१३/ ४ सप्टेंबर १८६३. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे आणि तेथील शाळा पाहून हिस्लॉप घोड्यावरून बोरीकडे परतत होते. वाटेत पुराने फुगलेल्या प्रवाहात ते बुडाले. वय ४५. त्यांच्या अखेरच्या दिवशीही शाळेची पाहणी आणि अज्ञात माणसांच्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचा शोध ही दोन्ही कामे एकाच प्रवासात झाली. दोन कप्प्यांचा माणूस असा दिसत नाही.

१४/ हुडकेश्वरच्या एखाद्या घरातील मुलगी उद्या भूशास्त्राच्या वर्गात कोळशाचे वय शिकेल आणि रविवारी चर्चमध्ये जाईल. ‘यांतले एक सोड’ असे तिला सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतील. येशूवर विश्वास ठेवावा की नाही, हा निर्णय तिचा आणि तो सोपा नाही. पण कोळशाच्या वयावरून तो होत नाही, एवढे तिला खात्रीने सांगता येते. तिच्या शहराच्या दगडांचा पहिला पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांपैकी एक जण दर रविवारी प्रवचन देत असे.