गाडी कोटींची, टायर ९ वर्षांचे! स्पोर्ट्स कारला नवे टायर घालणं भारतात एवढं किचकट का झालंय?

३० नोव्हेंबर २०१३. कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा शहर. 'फास्ट अँड फ्युरिअस'मुळे जगभर पोहोचलेला पॉल वॉकर एका चॅरिटी कार्यक्रमातून मित्रासोबत चक्कर मारायला बाहेर पडला. गाडी होती २००५ ची पोर्शे कॅरेरा जीटी. मित्र चालवत होता. थोड्याच वेळात गाडी खांबाला आणि झाडांना धडकली, पेटली आणि दोघंही गेले.

त्यानंतर सगळी चर्चा झाली ती वेगाची, आणि ती चुकीची नव्हती. तपासात वेग ताशी ८० ते ९३ मैल निघाला, म्हणजे साधारण १३० ते १५० किलोमीटर. रस्त्याची मर्यादा होती ४५ मैल. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. पण त्याच तपासातली दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. गाडीचे टायर ९ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो, असं तपास अधिकाऱ्यांनी नोंदवलं होतं. ६०० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, स्टॅबिलिटी कंट्रोल नाही आणि खाली म्हातारं रबर.

आता याच मॉडेलची दुसरी गोष्ट ऐका. २०२४ साली पोर्शेने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर एक कॅरेरा जीटी पुन्हा उतरवली. मिशलिनसोबत खास या मॉडेलसाठी नव्याने तयार केलेले टायर तिला घातले होते. २० किलोमीटरहून लांब असलेल्या या ट्रॅकवर २००४ मध्ये वॉल्टर रोहर्लने ७ मिनिटं २८ सेकंदांची वेळ दिली होती. २०२४ मध्ये यॉर्ग बर्गमायस्टरने ७ मिनिटं १२ सेकंदांत फेरी पूर्ण केली. ड्रायव्हर वेगळा होता हे मान्य, पण इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, गाडी वीस वर्षं जुनी. तरीही १६ सेकंद कमी, आणि त्यातला मोठा वाटा टायरचा.

तर विषय असा आहे की स्पोर्ट्स कारचा टायर हा चप्पल झिजली की बदलायचा प्रकार नाही. गाडीच्या ब्रेक आणि सस्पेन्शनइतकाच तो गाडीचा भाग असतो. आणि भारतात हाच भाग मिळवणं गेल्या काही वर्षांत डोकेदुखीचं काम झालंय.

आधी आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारचं आयुष्य बघू. मुंबई-पुण्यात अशी गाडी रोज ऑफिसला जात नाही. ती रविवारी पहाटे बाहेर पडते, लोणावळ्यापर्यंत जाऊन येते, रील निघतात आणि गाडी पुन्हा कव्हरखाली. पाच-सहा वर्षांत जेमतेम दहा-बारा हजार किलोमीटर. मग ती सेकंडहँड बाजारात येते आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'लो रनिंग, टायर नव्यासारखे'. खाचा बघितल्या तर खरंच नव्यासारख्या दिसतात.

घोळ इथेच आहे. रबर नुसतं झिजत नाही, ते वाळतंही. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उन्हामुळे ते हळूहळू कडक होतं. त्याला वाचवायला कंपन्या रबरात मेणासारखे पदार्थ आणि रसायनं मिसळतात. टायर फिरताना दबतो, वाकतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. म्हणजे गाडी उभी राहिली तर टायर 'वाचतो' हा समज उलटा आहे. आपल्याकडे कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलीमीटर हवी असा नियम आहे, पण तो खोली मोजतो, वय नाही. सहा मिलीमीटर खाच असलेला आठ वर्षांचा टायर या कसोटीत आरामात पास होतो. पावसात बोरघाट उतरताना मात्र तो पास होईलच असं नाही.

वय कळतं कसं? टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारा एक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि खाच कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर बदल, असा मिशलिनचा सल्ला आहे. अनेक कारकंपन्या सहा वर्षांतच बदला म्हणतात. ताशी २०० च्या पुढे जाऊ शकणाऱ्या गाडीसाठी मी तरी सहाचाच आकडा धरेन.

समजा, तुम्ही ठरवलं की टायर बदलायचे. आता खरी गंमत सुरू होते. कॅरेरा जीटीचंच माप घ्या. पुढे २६५/३५ झेडआर १९, मागे ३३५/३० झेडआर २०. पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे पुढच्या टायरची भिंत जेमतेम ९३ मिलीमीटर. स्विफ्टला येणाऱ्या १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलीमीटर असते. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात स्पोर्ट्स कारचा रिम का वाकतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शिवाय पुढचा-मागचा टायर वेगळ्या मापाचा, त्यामुळे साध्या गाडीसारखी अदलाबदल करून झीज सारखी करायची सोय नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये स्टेपनीही नसते.

मापानंतर वेगाचं अक्षर येतं. 'व्ही' म्हणजे २४०, 'डब्ल्यू' म्हणजे २७० आणि 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. यावर हमखास येणारा युक्तिवाद असा, "समृद्धीवरसुद्धा मर्यादा १२० आहे, मग ३०० चा टायर कशाला?" ऐकायला बरोबर वाटतं. पण हे अक्षर मुळात टायर किती उष्णता सोसतो आणि त्याची बांधणी कशी आहे हे सांगतं. खालच्या अक्षराचा टायर घातला की भिंतीचा ताठपणा बदलतो आणि ज्या टायरवर सस्पेन्शन जुळवलं होतं तो टायरच गाडीखाली राहत नाही. पैसे वाचवायचे असतील तर ते ब्रँडमध्ये वाचवा, या अक्षरात नको.

त्यापुढची खूण अजून बारीक आहे. पोर्शेसाठी मंजूर टायरवर 'एन' आणि एक आकडा असतो, मर्सिडीजसाठी 'एमओ', ऑडीसाठी 'एओ', बीएमडब्ल्यूसाठी चांदणी. एकाच नावाचा, एकाच मापाचा टायर वेगवेगळ्या खुणांसह येतो आणि आतली बांधणी वा रबर वेगळं असू शकतं. ही खूण नसलेला टायर घातला म्हणून गाडी उलटत नाही, एवढं घाबरायचं कारण नाही. पण पुढे एका ब्रँडचे आणि मागे दुसऱ्या ब्रँडचे घालणं किंवा एकाच एक्सलवर जुना-नवा एकत्र करणं टाळलेलंच बरं. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चाकांच्या व्यासातल्या फरकाचा ताण थेट यंत्रणेवर येतो.

एवढं सगळं जुळवून तुम्ही दुकानात जाता आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, हे माप नाही. कधी येईल सांगता येत नाही." हे सुरू कुठून झालं?

१२ जून २०२० रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे डीजीएफटीने अधिसूचना काढून नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत टाकली. आयातीवर बंदी नाही, पण परवाना हवा. हेतू होता देशी उत्पादन वाढवणं आणि विशेषतः चीनमधून येणाऱ्या स्वस्त टायरना आळा घालणं. त्याआधीपासून आयएसआय चिन्हाची सक्ती होतीच, म्हणजे परदेशातल्या कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना लागतो. सामान्य गाड्यांच्या बाबतीत हे धोरण चाललं, कारण भारतात टायर भरपूर बनतात. ब्रिजस्टोनचा कारखाना तर आपल्या चाकणला आहे. पण १९, २०, २१ इंची स्पोर्ट्स टायरची इथली मागणी इतकी कमी की त्यांचा साचा इथे बसवणं कुणालाच परवडत नव्हतं. ट्रकच्या टायरसाठी टाकलेल्या जाळ्यात पोर्शेचा टायरही अडकला.

"श्रीमंतांचे लाड, आपल्याला काय?" असं कुणी म्हणेल. पण टायर मिळत नाही म्हणून जुन्याच टायरवर धावणारी गाडी त्याच एक्सप्रेस-वेवर असते जिथे तुमची एसटी असते. दुसरं म्हणजे टंचाई असली की जुन्या स्टॉकचा टायर नव्याच्या भावात खपतो. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर घेतला तर सहापैकी तीन वर्षं आधीच गेली.

चित्र हळूहळू बदलतंय. मिशलिनने चेन्नईच्या कारखान्यात कारचे टायरही बनवायचं जाहीर केलं. अपोलोने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी घेतली होती, ती नाममुद्रा आता भारतात विकली जाते. सिएटने २०२५ मध्ये २१ इंची झेडआर श्रेणीचे टायर बाजारात आणले. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. समजा, एका टायरची मूळ किंमत ४० हजार आहे. आधी तो ५१,२०० ला पडायचा, आता ४७,२०० ला. चार टायरमागे १६ हजार वाचतात. विम्याच्या भरवशावर मात्र राहू नका. साध्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर भरपाई मिळत नाही, आणि गाडीसोबत नुकसान झालं तरी टायरची निम्मीच किंमत धरतात. टायरसाठी वेगळं कव्हर असतं, ते घ्या.

मग घ्यायचा कोणता? इथे सोशल मीडियावर बघून लोक फसतात. ट्रॅकवरचे व्हिडिओ बघून मिशलिनचा 'कप २' किंवा तसलाच टायर मागवतात. कॅरेरा जीटीला विक्रमी वेळ देणारा टायर याच घराण्यातला आहे, हे खरं. पण तो गरम झाल्यावर खुलतो, त्यात पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा कमी असतात आणि झिजतोही लवकर. अमेरिकी मानांकनात त्याचा झिजेचा आकडा १८० आहे, तर त्याच कंपनीच्या रस्त्यासाठीच्या 'पायलट स्पोर्ट ४ एस'चा ३००. जिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, तिथे हा हिशोब अवघड नाही. ट्रॅकवर जात नसाल तर रस्त्याचा टायर घ्या, तोही ओल्या रस्त्यावरची पकड बघून. दुकानदार नायट्रोजन भरायचा आग्रह धरेल. भरा किंवा नका भरू, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा थंड टायरचा प्रेशर तपासणं जास्त कामाचं.

आणि पैसे देण्याआधी चारही टायरवरची तारीख स्वतः बघा. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेला असतो. टायर बसवल्यावर ती बाजू आत गेली, तर तो वाचायला गाडी रॅम्पवरच चढवावी लागते.