दंडाची थकबाकी : सूट नव्हे, हप्ते

वाहन नको त्या जागी उभे केल्याबद्दल होणारा दंड ही वरवर पाहता क्षुल्लक बाब आहे. परंतु असा दंड न भरता वर्षानुवर्षे साचत गेला म्हणजे तो केवळ वाहतुकीचा प्रश्न राहत नाही. शासन आणि नागरिक यांच्यातील परस्परविश्वासाचा प्रश्न बनतो. महाराष्ट्रात आज नेमके हेच घडत आहे. पूर्वी शिपाई जागेवर पावती फाडी आणि व्यवहार तेथेच संपे. मुंबईत २०१६ साली सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ई-चलन पद्धतीत छायाचित्र निघते, भ्रमणध्वनीवर संदेश येतो आणि दंड भरणे बव्हंशी वाहनमालकाच्या इच्छेवर राहते. चलनांचा आकडा फुगला, पण वसुली मागे पडली. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी याच चलनांच्या विरोधात आंदोलन पुकारले, तेव्हा हा असंतोष किती खोल आहे हे दिसून आले.

या थकबाकीवर सध्या एक उपाय योजला जातो. २०२१ पासून राज्यातील वाहतूक पोलीस ही चलने दाखलपूर्व प्रकरणे म्हणून राष्ट्रीय लोकअदालतीपुढे ठेवीत आले आहेत. तडजोड हे लोकअदालतीचे तत्त्व आहे आणि ते स्तुत्यही आहे. तथापि, त्यामुळे जनमानसात एक समजूत रुजत चालली आहे : आज भरू नये, थांबावे, पुढे रक्कम कमी होईल. प्रश्न असा की, ही समजूत समाजाला परवडणारी आहे काय?

शेजारच्या राज्यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या थकित दंडावर ७५ टक्के सूट दिली. तिजोरीत मोठी रक्कम आली आणि योजना यशस्वी ठरल्याचे सांगण्यात आले. परंतु दोन वर्षेही उलटण्यापूर्वी, डिसेंबर २०२३ मध्ये, पुन्हा सूट द्यावी लागली आणि ती ८० टक्क्यांवर गेली. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मा दंड माफ केला; त्याच वर्षी ही सवलत पुन्हा दिली गेली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिची आणखी एक आवृत्ती निघाली. एखादे औषध पुनःपुन्हा आणि वाढत्या मात्रेने द्यावे लागत असेल, तर त्याने रोग हटला असे कोणताही वैद्य म्हणणार नाही.

दंडाचा धाक त्याच्या रकमेपेक्षा त्याच्या निश्चिततेत असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पाचशे रुपये निश्चितपणे द्यावे लागतील ही जाणीव जे साधते, ते कदाचित कधीतरी द्याव्या लागणाऱ्या पाच हजारांच्या भीतीने साधत नाही. सूट ही निश्चितताच पोखरते. शिवाय ज्याने दुसऱ्याच दिवशी निमूटपणे पैसे भरले, तो प्रामाणिक माणूस मूर्ख ठरतो. घरपट्टीवरील शास्तीत सूट देण्याचा परिपाठ महापालिकांनी पाडला आणि सुटीच्या घोषणेची वाट पाहणारा थकबाकीदारांचा एक वर्गच तयार झाला. शेतकरी कर्जमाफीच्या वेळीही नियमित फेड करणाऱ्यांची तक्रार इतकी रास्त होती की, २०१७ आणि २०१९ च्या योजनांत त्यांच्यासाठी प्रोत्साहनपर रकमेची तरतूद करावी लागली.

मग दंड पूर्ण आणि एकरकमीच वसूल करावा काय? तेही न्याय्य नाही. केंद्राने २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा केली आणि डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात वाढीव दर लागू झाले. पूर्वी शंभर रुपयांपासून सुरू होणारा दंड आता पहिल्या वेळी ५०० आणि पुढील प्रत्येक वेळी १,५०० रुपये झाला. अहिल्यानगर शहराचे उदाहरण घ्यावे. कापड बाजार, गंज बाजार, चितळे रस्ता हा भाग पायी, घोड्यावर आणि बैलगाडीने जाणाऱ्यांच्या काळात वसला. तेथे माल उतरविणाऱ्या टेम्पोला उभे राहण्यास जागा नाही, आणि उभे राहिल्याशिवाय त्याला पोट नाही. सहा वेळा चलन झाले की आठ हजार रुपये होतात. मोटारीच्या मालकाला ही रक्कम बोचते. रोजच्या भाड्यावर जगणाऱ्याचा महिना ती खाऊन टाकते. तो दंड बुडवू इच्छितो असे नाही, त्याला तो एका वेळी पेलत नाही.

या दोन्ही अडचणींतून निघणारा मार्ग हप्त्यांचा आहे. रक्कम पूर्ण, मुदत सोयीची. ही कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. न्यायालयाने ठोठावलेला दंड दोन किंवा तीन मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२४ मध्ये होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती राखली आहे. जी सवलत न्यायालयापुढे उभ्या असलेल्या आरोपीला मिळू शकते, ती चलनधारकाला सहज का मिळू नये? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदा करून वाहनतळाच्या दंडासाठी गरिबांना हप्ते देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले.

हप्ते म्हणजेही एक प्रकारची सूटच, असा आक्षेप घेतला जाईल. हिशेब करून पाहावा. ६,००० रुपये तीन समान मासिक हप्त्यांत बिनव्याजी घेतले, तर दरसाल १२ टक्के व्याज धरूनही शासनाचे नुकसान सुमारे १२० रुपयांचे होते. निम्म्या सुटीत ते ३,००० रुपयांचे होते. पहिल्या मार्गाने कोणी मुद्दाम थकबाकीदार होणार नाही; दुसरा मार्ग थकबाकीदार घडवितो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या या जिल्ह्याला, गावोगावी पतसंस्था असलेल्या या समाजाला, हप्ता आणि माफी यांतील भेद नव्याने शिकविण्याची गरज नाही.

अर्थात, हप्त्यांची योजना एकटी पुरेशी नाही. तिच्याआधी चलन योग्य होते काय याची दाद मागण्याची सोपी सोय हवी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस देण्याचे बंधन घातले. ते कागदावर राहता कामा नये. दोन वर्षांपूर्वीचे छायाचित्र दाखवून आज पैसे मागणे ही वसुली नव्हे, छळ आहे. एकही हप्ता चुकल्यास मात्र सवलत तत्काळ रद्द व्हावी.

आणि महापालिकेचे काय? दंड राज्याच्या तिजोरीत जातो; वाहने उभी करण्यास जागा देणे हे काम महापालिकेचे. ज्या शहरातून दंड गोळा होतो, त्या शहराच्या वाहनतळांसाठी त्यातील ठरावीक वाटा राज्याने द्यावा आणि बाजारपेठेत माल उतरविण्याच्या वेळा व जागा महापालिकेने आखून द्याव्यात. नागरिकाने आपले देणे पूर्ण फेडावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु ती करण्याचा नैतिक अधिकार, आपलेही देणे फेडणाऱ्या शासनालाच पोहोचतो.