धूसर दुर्बिणीची बाजू

अ‍ॅस्ट्रोसॅटचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "फोटो कुठायत?" हबलच्या रंगीबेरंगी चित्रांना डोळे सरावलेत आपले, काय करणार! त्यात एखाद्याने वाचलेलं असतं की नासाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीला अर्ध्या आर्कसेकंदाचा तपशील दिसतो आणि आपल्या क्ष-किरण दुर्बिणीला दोनेक आर्कमिनिटांचा. म्हणजे दोनशे पटींहून जास्त धूसर. मग "आपलं असंच" म्हणून एक सुस्कारा.

मला तो सुस्कारा अजिबात पटत नाही.

क्ष-किरणांना साधा आरसा चालत नाही. समोरून आले की ते सरळ आत घुसतात. पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेले तरच परततात, तेही अंशभराच्या कोनात. नदीत चपटा दगड तिरका फेकून आपण भाकऱ्या काढायचो ना, तसंच. म्हणून हा आरसा बशीसारखा नसतो, नळीसारखा असतो. आणि समोरून पाहिलं तर एका नळीची बारीकशी कडाच काय ती किरण पकडते. जास्त किरण हवेत? मग नळीत नळी, तिच्यात आणखी नळी..

मेख इथेच आहे. 'चंद्रा'त (नाव चंद्रशेखरांवरून, चांदोमामाशी संबंध नाही!) जाड काचेच्या, कमालीच्या गुळगुळीत घासलेल्या नळ्यांच्या चारच जोड्या आहेत. ठरल्या होत्या सहा, १९९२ साली खर्च कापताना दोन गेल्या. तरी वजन पावणेपाच टनांच्या घरात, आणि १९९९ मध्ये वर न्यायला स्पेस शटल. आपल्याकडे पीएसएलव्ही, दीड टनाचा उपग्रह आणि त्यात इतर उपकरणांचीही दाटी. टीआयएफआरच्या मंडळींनी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोनं चढवलं आणि अशी चाळीस कवचं एकात एक बसवली. वजन वाचलं, जागा वाचली, रेखीवपणा गेला.

गेला तर गेला! ताऱ्याला गिळणारं कृष्णविवर 'चंद्रा'लाही ठिपक्यासारखंच दिसतं. तो ठिपका कसा लुकलुकतो, क्ष-किरणांत भडकला तेव्हा अतिनील प्रकाशात काय झालं, हे एकाच वेळी मोजणं हेच तर अ‍ॅस्ट्रोसॅटचं काम. सप्टेंबर २०१५ मध्ये पाच वर्षांच्या बोलीवर गेलेला हा उपग्रह ती मुदत उलटल्यावरही राबत राहिला.

माझी तक्रार वेगळीच आहे. फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, दीर्घिकांच्या समूहातला तापलेला वायू, असल्या पसरलेल्या गोष्टी पाहताना धूसरपणा नडतोच. जानेवारी २०२४ मध्ये गेलेला एक्स्पोसॅट ध्रुवीकरण मोजतो, त्यात किरण एकवटणारे आरसे नाहीतच. मग पत्र्याचे आरसे घडवताना शिकलेलं पुढे कुठे वापरायचं? ते हात निवृत्त व्हायच्या आत एक दुर्बीण फक्त आरशासाठी बांधा, बाकीची सगळी उपकरणं खाली ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, मग फोटोही येतील.