हजेरीची वही उघडी ठेवा

पुण्याच्या गाडीची वाट पाहत केडगाव स्टेशनवर बसलो होतो. ओळखीच्या एक वहिनी शेजारी येऊन बसल्या. जयभीम झाला, घरची खुशाली विचारून झाली. त्यांचा मुलगा डिप्लोमा करून पुण्यात इमारतीच्या कामावर नुकताच प्रोजेक्ट मॅनेजर झालेला. मला वाटले, वहिनी पेढे काढतील. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"भाऊ, पोरगा म्हणतो, मी साईटवर पाय ठेवला की माणसं बोलायची थांबतात. तोंडावर साहेब, पाठीमागं मालकाचा चमचा. परवा स्लॅबखालचा टेकू सरकला. नशीब, खाली कुणी नव्हतं. तो टेकू कच्चा आहे, हे सेंटरिंगवाल्याला आदल्या दिवशीच दिसलं होतं. पण बोलला नाही. का, तर जो सांगेल त्याचाच खाडा लागतो!"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या बापाची अर्धी हजेरी मुकादम मारायचा, भाऊ. आज ती वही माझ्याच पोराच्या हातात आहे."

गाडीत बसलो तरी ते शब्द मनातून जाईनात. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, म्हणून आज आपल्या घरांतली मुले-मुली सुपरवायझर, इंजिनिअर, मॅनेजर झाली आहेत. याचा आनंद आहेच. पण खुर्चीबरोबर विश्वास मिळत नाही. वरच्या माणसाविषयी कामगाराच्या मनात जो संशय असतो, तो उगीच आलेला नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांतला जॉबर, म्हणजे मुकादम, जुन्या माणसांना आठवत असेल. भरती त्याच्या हाती, खाडा त्याच्या हाती. त्याला दस्तुरी दिल्याशिवाय काम टिकत नसे. बायकांवर नायकीण असे, तिचीही तीच तऱ्हा. आपल्या माणसांना तर विणखात्यात, जिथे मजुरी बरी मिळे तिथे, शिरकावच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई! 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. ज्याच्या आजोबाने असे दिवस काढले, तो नातू साहेब दिसताच गप्प बसला तर नवल काय?

मग विश्वास मिळवायचा कसा? याचे एक उदाहरण केडगावातच आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि बायका आणल्या. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. त्यांचा धर्म ख्रिस्ती, आपला मार्ग बुद्धाचा; पण चांगले दिसेल तेथून घ्यावे. त्या मुलींनी आजवर फसवणारीच माणसे पाहिली होती. पोटभर जेवण मिळू लागले तेव्हा काहींना वाटले, आपल्याला लठ्ठ करून, उलटे टांगून, आपले तेल काढणार! रमाबाईंनी त्यांना भाषणे देऊन पटवले नाही. शारदा सदनातल्या जुन्या मुलींनी नव्या मुलींना सांभाळले. शेती, विणकाम, छापखाना यांत बायकांच्या हाती खरे काम आणि जबाबदारी दिली. रमाबाईंनी भाषांतर केलेले मराठी बायबल याच छापखान्यात, बायकांच्या हातून छापले गेले. ज्याच्यावर काम सोपवतो, त्याच्यावर आपण भरवसा ठेवला, हे त्याला कळते. मग तोही आपल्यावर ठेवतो.

आपल्या धम्मात तर याची शिकवण स्पष्ट आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न व वेतन द्यावे. आजारपणात काळजी घ्यावी. गोडधोड वाटून खावे. वेळेवर सुट्टी द्यावी. मिस्त्रीला न विचारता मालकाला स्लॅबची तारीख देऊन टाकायची आणि मग माणसांना रात्रपाळीला जुंपायचे, हे पहिल्याच कर्तव्याच्या विरुद्ध झाले.

आणि पवारणा आठवा. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझा काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका आली असेल, तर मला सांगा. खुद्द तथागतांनीही भिक्खूंपुढे बसून असे विचारल्याचे संयुत्त निकायात आले आहे. बुद्ध विचारतात, मग आपल्या साहेबाला कसला कमीपणा?

पुण्याहून वहिनींना फोन केला. म्हटले, मुलाला तीन गोष्टी सांगा. पगाराच्या दिवशी हजेरीची वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. तारीख चुकली तर मालकापुढे माणसांना पुढे करू नकोस, अंदाज माझा चुकला म्हण. आणि जो धोका दाखवील त्याचा खाडा लावू नकोस, चारचौघांत त्याचे आभार मान.

दीड महिन्याने वहिनी पुन्हा भेटल्या. पहिल्या आठवड्यात कुणीच तोंड उघडले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक बिगारी चाचरत म्हणाला, माझा अर्धा दिवस राहिला. मुलाने तिथेच वही दुरुस्त केली. मागच्या आठवड्यात तोच सेंटरिंगवाला आपणहून आला. "साहेब, स्लॅब उद्या नको. दोन टेकू बदलायचेत." स्लॅब एक दिवस लांबला. मालकाची बोलणी मुलाने खाल्ली.

"अजून सगळी माणसं बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या, "पण बापाचं नाव राखलं पोरानं."

माता-भगिनींनो, तुमचा मुलगा, तुमची मुलगी साहेब झाली असेल, तर हाताखाली किती माणसे आहेत हे जरूर विचारा. पण त्यांतली किती माणसे तोंडावर खरे बोलतात, हेही एकदा विचारून पाहा.