साहिरला दगड नको, श्रेय द्या

दर वर्षी २४ डिसेंबरला आणि ३१ जुलैला फोनवर तीच पोस्ट फिरते. पहिली तारीख मोहम्मद रफीच्या जन्माची, दुसरी मृत्यूची. पोस्टमधली हळहळही ठरलेली: जुहूच्या कब्रस्तानात रफीची कबर आता दिसत नाही, चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात, आपला देश किती कृतघ्न!

हकिगत खरी आहे. २०१० साली या कब्रस्तानातल्या जुन्या पक्क्या कबरी हटवल्या गेल्या, कारण नव्याने येणाऱ्या मृतांना जागा उरली नव्हती. त्यात रफीची कबर गेली, मधुबालाची गेली, तलत महमूदची गेली आणि साहिर लुधियानवीचीही गेली.

तरी मला वाटतं, यात कब्रस्तानाने कृतघ्नपणा केलेला नाही. कृतघ्नपणा आपण करतो, आणि तोही रोज, कानात इअरफोन घालून.

आधी जागेचं बघू. मुंबईत जिवंत माणसाला दहा बाय दहाची खोली मिळताना नाकी नऊ येतात. तिथे मेलेल्याला कायमची जागा कुठून आणायची? कबर पक्की बांधू नये असं मानणारी मोठी परंपरा इस्लाममध्ये आहे. शिवाय ज्या रिक्षावाल्याला किंवा शिंप्याला पुरायला जागा हवी होती, तोही कुणाचा तरी बाप होताच. साहिर आयुष्यभर ज्यांच्या बाजूने लिहीत राहिला, त्यांच्यासाठी त्याच्या कबरीचा दगड हटला. यात त्याचा अपमान कुठे झाला?

मग कुणीतरी पॅरिसचा दाखला देतं. बघा, पेर लाशेज कब्रस्तानात ऑस्कर वाइल्डची कबर कशी जपली आहे! जपली आहे खरी, पण कुणापासून? चाहत्यांपासूनच. लिपस्टिक लावून दगडाचं चुंबन घ्यायची तिथे अशी टूम निघाली, की दगड खराब होऊ लागला. शेवटी २०११ साली कबरीभोवती काच बसवावी लागली. दगडावरच्या प्रेमाचं हे असं होतं.

याच्या उलट टोकाला दुसरा शहाणपणा ऐकू येतो. कलावंत कामातून अमर असतो, कबर राहिली काय नि गेली काय! हे ऐकायला छान आहे, पण काम आपोआप टिकत नाही. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, आणि त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काम कुणीतरी सांभाळावं लागतं. आणि कधीकधी काम टिकतं, पण करणाऱ्याचं नाव गळून पडतं. साहिरच्या बाबतीत नेमकं हेच चाललं आहे.

साहिर जिवंतपणी कशासाठी भांडला ते आठवा. आकाशवाणीवर गाणं लागलं की गायकाबरोबर गीतकाराचंही नाव सांगा, हा त्याचा आग्रह होता. ती प्रथा पडण्यात त्याचा मोठा वाटा मानला जातो. रेडिओच्या काळात त्याने मिळवलेली ही गोष्ट आपण स्मार्टफोनच्या काळात घालवून बसलो. आज बहुतेक ॲपांच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत गायक दिसतो. गीतकार शोधायचा तर तीन टिंबांवर दाबा, ‘क्रेडिट्स’ उघडा आणि नशिबावर सोडा. रीलवर तर तेवढंही नसतं.

ही तांत्रिक अडचण आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे माझ्या धंद्यातलं आहे म्हणून खात्रीने सांगतो. एमपी३ फाइलसोबत माहिती साठवायची आयडी३ नावाची पद्धत वर्षानुवर्षं वापरात आहे. तिच्यात संगीतकारासाठी वेगळा रकाना आहे, गीतकारासाठीही वेगळा आहे. रकाना आहे, तो भरायचा कंटाळा आहे. आम्ही कोड लिहितो तेव्हा ‘गिट ब्लेम’ ही एक कमांड दिली की कुठली ओळ कुणी लिहिली ते लगेच कळतं. मी बदललेल्या एका स्वल्पविरामावरही माझं नाव सापडतं. आणि ज्या ओळींवर तीन पिढ्या प्रेमात पडल्या, त्या मात्र निनावी!

‘पण ऐकणाऱ्याला गाणं हवं असतं, नावाशी काय करायचंय?’ असं विचारणारेही आहेत. नावावर पैसा ठरतो. रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराला समान वाटा मिळण्याचा हक्क कायद्यात यायला २०१२ साल उजाडलं. साहिर १९८० सालीच गेला होता. आज लिहिणाऱ्यांना हा हक्क आहे, पण नोंदच नसेल तर तो मागायचा कशाच्या जोरावर? आणि नावावरूनच पुढची वाट सापडते. रफीने श्रीकांत ठाकरे यांच्याकडे गायलेली मराठी गाणी आपल्या घरांत अजून लागतात. त्यांतली बरीचशी वंदना विटणकर यांनी लिहिली आहेत. हे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ठाऊक असतं, तर एका गाण्यावरून त्यांच्या बाकीच्या गाण्यांपर्यंत पोचता आलं असतं.

गुरुदत्तचा ‘प्यासा’ १९५७ सालचा. त्यातला कवी विजय जिवंत असताना त्याला कुणी विचारत नाही. तो मेला असं समजल्यावर मात्र त्याचं पुस्तक धडाधड खपतं आणि त्याच्या स्मरणसभेला गर्दी लोटते. त्या सिनेमाची गाणी साहिरचीच. आपण सिनेमाला दाद देतो आणि मग त्या सभेतल्या गर्दीत जाऊन बसतो.

कबरीवर जायला माझी हरकत नाही. जायचं तर जा, नारळाच्या झाडाखाली दोन मिनिटं उभे राहा. आवडत्या माणसाच्या जवळ जावंसं वाटणं खरंच असतं. पण त्या झाडाचा फोटो टाकून देशाला कृतघ्न म्हणण्याआधी तीन कामं करा. रीलला गाणं लावलंत की गीतकार आणि संगीतकार यांची नावं लिहा. ॲपमध्ये नाव नसेल किंवा चुकलं असेल, तर तक्रार नोंदवा, उत्तर येईपर्यंत नोंदवत राहा. आणि तुम्ही माझ्यासारखे अशा कंपन्यांत काम करत असाल, तर तो रिकामा रकाना पुढच्या मीटिंगमध्ये काढा. कुणी म्हणालं की हे तातडीचं नाही, तर त्याला सांगा, साहिरला जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली.