अग्निगोल पाहणाऱ्यांची साक्ष वाया जाऊ नये

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलच्या रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे सरकत गेले. कुणाला तो उल्कावर्षाव वाटला, कुणाला पेटलेले विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी या रॉकेटचा तो अवशेष असल्याचा निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी काढला.

कडे सापडले नसते, तरी एका प्रश्नाच्या उत्तरावरून बरेच काही कळले असते: ते दृश्य किती वेळ दिसले? उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते. कक्षेतून खाली येणारा रॉकेटचा तुकडा सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा येतो आणि मिनिटभरही दिसत राहू शकतो.

असे नेमके प्रश्न विचारून उत्तरे जपून ठेवण्याचे काम जगभर हौशी खगोलप्रेमी करत आले आहेत. अमेरिकन मिटिऑर सोसायटी १९११ पासून, तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून कार्यरत आहे. शुक्राहून तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. तो दिसला की साध्या प्रेक्षकालाही भरता येईल असा नमुना या दोन्ही संस्था देतात.

साक्षीदाराला बोलते करणे हे यातले खरे कसब. ‘त्या टेकडीमागेच पडला’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. अग्निगोल साधारण शंभर ते तीस किलोमीटर उंचीवर उजळतो, त्यामुळे दोनशे किलोमीटरवरचाही शेजारच्या शिवारात उतरल्यासारखा भासतो. म्हणून अनुभवी निरीक्षक अंतर विचारण्यात वेळ घालवत नाही. साक्षीदाराला तो त्याच अंगणात, त्याच गच्चीवर उभा करतो आणि उजेड कोणत्या विजेच्या खांबावर दिसला, पाण्याच्या टाकीच्या कुठल्या बाजूला विझला, हे बोटाने दाखवायला सांगतो. दिशा मोबाइलमधल्या होकायंत्रावर टिपायची, उंची हात ताणून धरलेल्या मुठीने मोजायची. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. उजेडानंतर गडगडाट किती वेळाने ऐकू आला, हेही विचारायचे, कारण ध्वनी मिनिटाला वीसेक किलोमीटरच कापतो. ‘हिरवा होता ना?’ असे मात्र कधीही विचारायचे नाही. दूरदूरच्या दोन-तीन गावांतून अशा दिशा मिळाल्या की उल्केचा मार्ग ढोबळमानाने आखता येतो.

कॅमेऱ्यांची जोड मिळाली तर काय साधते, हे ब्रिटनमध्ये दिसले. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री तिथे एक अग्निगोल चमकला. हजाराहून अधिक लोकांनी नोंदी पाठवल्या; हौशी आणि व्यावसायिक जाळ्यांच्या कॅमेऱ्यांनी त्याचा मार्ग टिपला. शास्त्रज्ञांनी लोकांना शोधाचे आवाहन केले. विंचकम गावातल्या एका घरासमोर पडलेली काळी भुकटी आणि खडे घरच्यांनी काही तासांतच गोळा करून ठेवले होते. पाऊस लागण्याआधी हाती आलेल्या या कार्बनयुक्त अशनीतील पाण्याचे घटक पृथ्वीवरच्या पाण्याशी मिळतेजुळते निघाले.

याच वर्गातली अशनी ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात, मान्सून पोहोचण्याआधी शेतात पडली होती. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात २२ मे २०१२ च्या दुपारी दगड बरसले होते. म्हणजे महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून जिल्ह्याजिल्ह्यातल्या आकाशनिरीक्षण मंडळांपर्यंत कार्यकर्त्यांचीही वाण नाही. या सगळ्यांनी मिळून मराठीत एकच नमुना वापरावा आणि नोंदी एकाच ठिकाणी जमा कराव्यात. साक्ष इतरांच्या चित्रफिती पाहण्याआधी घ्यावी, कारण दहा चित्रफिती पाहिलेल्या माणसाला स्वतःची आठवण वेगळी काढता येत नाही.

पेट्रोल पंपावरच्या, सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते त्याच आठवड्यात मागून घ्यावे. त्या यंत्राचे घड्याळ किती पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवावे. नंतर त्याच जागेवरून ताऱ्यांचे छायाचित्र काढले की चित्रणातली दिशा अंशांत मोजता येते. दगड सापडल्यास धुऊ-घासू नये, चुंबक लावू नये. तो जागेवर असतानाच छायाचित्र काढून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. वृत्तपत्रांनीही ‘उल्का कोसळली’ असा मथळा देण्याआधी दिसण्याचा कालावधी तपासावा आणि नोंद कुठे पाठवायची ते बातमीतच छापावे.

याची तालीम डिसेंबरातच करता येईल. १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहायला मंडळे लोकांना गावाबाहेर नेतातच. तिथे प्रत्येक नवख्याच्या हाती हा नमुना द्यावा, मूठ धरून अंश मोजायला लावावे आणि शेजारी बसलेल्या दोघांच्या नोंदी किती जुळतात ते पहाटे सगळ्यांसमोर ताडून पाहावे.