चाड्यावरची मूठ

वऱ्हाडात पेरणीच्या तिफनीमागे कोणालाही उभे करत नाहीत. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ धरणारा हात बसलेला लागतो. बैलांची चाल आणि मुठीतून सुटणारे दाणे यांचा मेळ चुकला, की तास एका जागी दाट आणि दुसऱ्या जागी विरळ उगवते. म्हणून घरात माणसे कितीही असोत, चाड्यावर कोण, सरत्यावर कोण आणि बैलांमागे कोण, हे मृगाच्या आधीच ठरलेले असते. पुढे आठ दिवसांनी धुऱ्यावरून जाणारा प्रत्येक जण शेताकडे नजर टाकतो. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, पडल्या असतील, तर मूठ कोणाची होती हे कोणाला विचारावे लागत नाही.

हाताला साजेसे काम आणि त्या कामाचा जाब, या दोन्ही गोष्टी तिफनीवर एकत्र नांदतात. शेताबाहेर मात्र अमरावती-अकोल्याच्या गेल्या दीडशे वर्षांत त्यांची गाठ क्वचितच पडली. कधी जाब होता पण निवड नव्हती, तर कधी निवड मिळाली आणि जाब सुटला. कामात माणसांचे मन नाही म्हणून आज कंपन्या प्रश्नावल्या वाटतात आणि कार्यालये दाराशी अंगठ्याची यंत्रे बसवतात. अंगठा माणूस आला एवढेच सांगतो. तो कोणत्या कामाचा आहे आणि त्याने ते केले का, हे प्रश्न आपल्याकडे त्या यंत्रापेक्षा कितीतरी जुने आहेत.

जुन्या गावगाड्यात जाब पक्का होता. मृगाआधी सुताराने तिफन दुरुस्त करून दिली नाही, तर खळ्यावर त्याच्या वाट्याचे बलुते देताना कुणब्याचा हात आखडायचा. काम घेणारा आणि करणारा समोरासमोर, मध्ये कागद नाही. सालदाराचेही तसेच. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला दोघेही मोकळे. नांगराचा गडी वेगळा, ढोरांचा वेगळा, हे धन्याला ठाऊक असायचे. पण या मोकळेपणाला दोर बांधलेला होता. पाडव्याला घेतलेली उचल वर्षाअखेर फिटली नाही, की सालदाराला त्याच दारात पुन्हा साल धरावे लागे.

बलुतेदाराला तर तेवढीही सुटका नव्हती. सुताराचा मुलगा सुतार आणि महाराचा मुलगा गावकीलाच बांधलेला, मग त्याचा हात कशात चालतो याला किंमत नाही. इंग्रजांनी 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला, मोजणी केली, सारा बांधला. पण पाटील-पटवाऱ्यांची वंशपरंपरा त्यांनीही मोडली नाही. 1900 च्या वऱ्हाडच्या पाटील-पटवारी कायद्याने ती उलट कागदावर बसवली. काम येते म्हणून पद नव्हे, पद आहे म्हणून काम. 1915 साली ‘गावगाडा’ लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी महसुली नोकरीत हेच जवळून पाहिले होते. वतनाला वाटेकरी वाढत गेले, कामाला धनी उरला नाही आणि भार मात्र कुणब्याच्या पाठीवर राहिला.

या दुखण्याचे मूळ सर्वांत नेमके दाखवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीत भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता आणि पापळचे तरुण बॅरिस्टर पंजाबराव देशमुख त्या लढ्याच्या बाजूने उभे राहिले होते. पुढे 1936 मध्ये, लाहोरसाठी लिहिलेल्या पण तिथे होऊ न शकलेल्या भाषणात, बाबासाहेबांनी जातीची झडती अर्थशास्त्राच्या अंगानेही घेतली. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची वाटणी आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्या कामात माणसाने स्वतःला घातलेले नाही, ज्यात त्याचे मनही नाही आणि बुद्धीही नाही, ते काम नीट होणार कसे? व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके ज्याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात, त्याची याहून टोकदार मांडणी मराठी मुलखाने पाहिलेली नाही. आपण तिला सामाजिक न्यायाच्या कप्प्यात ठेवले आणि कार्यालयाच्या दारात कधी आणलेच नाही.

त्याच्या कितीतरी आधी गावगाड्याला पहिला धक्का दिला होता कापसाने. अमेरिकेतल्या यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या रुईला भाव आला. 1867 मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. जिनिंग-प्रेसिंग उभ्या राहिल्या आणि अडत्या, दलाल, मापारी, हमाल असे नवे कामकरी आले. यात मापाऱ्याची जागा मोठी नाजूक. तराजू त्याच्या हातात आणि त्याची मजुरी व्यापाऱ्याच्या हातात, म्हणजे काटा कुठे झुकणार हे उघडच होते. 1886 मध्ये, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात, देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. 1897 च्या वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल आणि मापाऱ्यांना परवाना बंधनकारक केला. तराजू धरायचा तर आधी नाव नोंदवायचे. लबाडी सापडली तर परवाना जायचा. देशभरच्या बाजार समित्यांच्या कायद्यांचे हे बीज वऱ्हाडच्या काळ्या मातीत पडले.

पण परवाना कोणी द्यायचा आणि कोणी काढायचा? समित्यांत वजन व्यापाऱ्यांचेच राहिले, आणि शेतीविषयक शाही आयोगाला 1928 च्या अहवालात या व्यवस्थेतल्या उणिवा दाखवाव्या लागल्या. ज्याचा माल तोलला जातो, त्यालाच मापाऱ्याला जाब विचारता येत नव्हता. पुढे 1972 मध्ये राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापारी बाजूला झाला आणि त्याच्या जागी ग्रेडर आला. केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि बोंडाला बोट लावून प्रत ठरायची. प्रत चुकली तर ग्रेडरचे काय जाते, या जुन्याच प्रश्नाला नवे उत्तर मिळाले नाही.

अकोल्याच्या सावतराम मिलने आणि अचलपूरच्या विदर्भ मिलने कामाला भोंग्याची शिस्त दिली. त्या गिरण्या पुढे सरकारी महामंडळाकडे गेल्या आणि शेवटी भोंगेही थांबले. त्यानंतर वऱ्हाडातल्या पोराला पक्की नोकरी म्हणजे सरकारी, हे घरोघर ठरून गेले.

इथे आणखी एक पेच आहे. पंजाबरावांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्याचे पोर शिकावे आणि शेतीही शिकलेली व्हावी, हा हेतू. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ 1969 मध्ये अकोल्यात आले. आज तिथून पदवी घेतलेली कितीतरी मुले अभ्यासिकेत बसून तलाठी, फौजदार, वनरक्षक, जी निघेल त्या जागेचा अर्ज भरत असतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कोरडवाहू कपाशीवर घर चालत नाही हे त्यांनी बापाच्या घरात पाहिले आहे. पण भरती करणारा गुण मोजतो, कल विचारत नाही. मातीची नस ओळखणारा मुलगा बंदोबस्ताला उभा राहतो आणि गणितात रमणारा कृषी सहायक होतो. जन्माने काम ठरायचे ते आता जाहिरातीच्या तारखेने ठरते.

नेमणुकीनंतर येते बदली. राज्याने 2005 साली केलेल्या कायद्यात बदली आणि जाब हे दोन्ही धागे एकत्र आणले होते. नावातच बदल्यांचे विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध अशी जोडी आहे. एका पदावर साधारण तीन वर्षे, आणि कोणतीही फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त नाही. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. कायदे चांगले आहेत. पण दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना हा दंड ठाऊक आहे? जाब विचारणाऱ्यालाच हत्यार कुठे ठेवले आहे हे कळले नाही, तर ते कपाटात गंजते.

जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या 2017 पासून संगणकावर गेल्या, पसंतीक्रम आला आणि अवघड क्षेत्रांची यादी झाली. वशिल्यापेक्षा हे निश्चित बरे. तरीही संगणक विचारतो ती पसंती गावाची असते, कामाची नव्हे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत कोरकू बोलणाऱ्या लेकरांना मराठी अक्षर शिकवायची हातोटी कोणाकडे आहे, हा रकाना त्या अर्जात असायला हवा. मेळघाट ही वर्षानुवर्षे शिक्षेची बदली मानली गेली. शिक्षक असो की डॉक्टर, शिक्षा म्हणून गेलेला माणूस दिवस मोजतो, आणि त्याच्या दिवसांची किंमत गावातली बाळंतीण मोजते. त्याच मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे स्वतःहून गेले आणि राहिले. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जंगल तेच, वाट तीच. एकाने ते काम निवडले होते, दुसऱ्यावर ते पडले होते. प्रत्येकाने कोल्हे व्हावे असा आग्रह धरणे मात्र पळवाट ठरेल. व्यवस्थेने निदान विचारावे, आणि जाणाऱ्याला घर, बढती, मुलांची शाळा यांचा भरवसा द्यावा.

निवड आणि जाब एकत्र नांदू शकतात याचा दाखला अमरावतीच्या वेशीवरच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या वाट्याला भिकेचा कटोरा होता. त्यांनी त्या हाताला काम दिले: शेती, विणकाम, सुतारकाम. कुष्ठरोगात बोटांची जाणीव जाते. चटका बसला तरी कळत नाही, पाते लागले तरी कळत नाही. अशा माणसाला काम देताना आधी त्याचा हात हातात घेऊन पाहावाच लागतो. कोणती बोटे शाबूत आहेत, पकड किती आहे, यावर काम ठरते. इथे योग्य जुळणी ही चैन नव्हती, ती चुकली तर जखम होती. आणि रोग्याच्या हातचे घ्यायला लोक कचरत होते त्या काळात, त्या वस्तूला दयेने नव्हे तर गुणाने टिकावे लागे. हात पाहून काम, आणि कामावरून पारख.

तपोवनातला हा नियम धडधाकट हातांनाही लागू का होऊ नये? अमरावती-अकोल्याच्या जिल्हा परिषदा, बाजार समित्या, शिक्षणसंस्था आणि औद्योगिक वसाहतींतले कारखाने, यांना नवा कायदा नको आहे. रुजू होणाऱ्याला पहिल्या महिन्यात दोन-तीन टेबलांवर बसवून पाहावे, त्याचा हात कुठे चालतो ते त्याला आणि वरिष्ठाला कळू द्यावे. जुळले तिथे पीक हाती येईपर्यंत राहू द्यावे. आणि वर्षाअखेरचा हिशेब गोपनीय अहवालात बंद करण्याऐवजी, ज्यांच्यासाठी ते काम होते त्यांच्यासमोर वाचावा: ग्रामसभेत, यार्डात, पालकांच्या बैठकीत. तो हिशेब वरिष्ठाचाही असावा. चुकीच्या माणसाला चुकीच्या जागी बसवणाऱ्याची सही कधीच पुढे येत नाही, आणि आपल्या जबाबदारीच्या गप्पांमधली सर्वांत मोठी नांगी तीच आहे.

पेरणी फसली, तर वऱ्हाडातला शहाणा शेतकरी एकट्या चाडेवाल्यावर ओरडत नाही. चाड्यावर त्याला उभे कोणी केले, हेही तो धुऱ्यावर बसून आठवतो. मग ओल आहे तोवर, दोघे मिळून नांग्या भरायला निघतात.